अठरा पिवळ्या टोप्या

ती संध्याकाळ माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. खून, दरोडे, दंगली यांतले बरेच काही आता धूसर झाले आहे. पण मारतहळ्ळीच्या बाजूला एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घालवलेले ते दोन तास मिनिटामिनिटाने आठवतात. त्या प्रकरणात कोणी मेले नाही, कोणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही. तरीही तीस वर्षांतली सगळ्यांत मोठी चूक मी त्या दिवशी करता करता राहिलो. नावे कोणाचीच देत नाही. ज्यांना स्वतःची ओळख पटेल त्यांनी रागावू नये. मी स्वतःलाही सोडलेले नाही.

मी मूळचा बेळगावकडचा. घरी मराठी, ठाण्यात कन्नड, आणि बेंगळूरूत बदली झाल्यापासून फिर्यादींशी बहुतेक वेळा हिंदी. त्या ठाण्यात मी निरीक्षक होतो आणि निवृत्तीला वर्षभर उरले होते. रविवारच्या संध्याकाळी आमच्याकडे गर्दी असते ती पार्किंगच्या भांडणांची आणि हरवलेल्या मोबाइलची. सहाच्या हजेरीला मी बंदोबस्ताचे वाटप करत होतो, तेवढ्यात कंट्रोलचा संदेश आला. मुलांच्या प्ले झोनमधून चार वर्षांची मुलगी बेपत्ता.

अल्पवयीन मूल बेपत्ता झाले की चोवीस तास थांबायचे वगैरे काही नसते. गुन्हा अपहरणाचाच नोंदवायचा आणि लगेच निघायचे. ड्यूटीवरच्या हेड कॉन्स्टेबलला स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून मी निघालो. बरोबर महिला एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, होत्या. त्या मंड्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा या गोष्टीत मोठा वाटा आहे.

प्ले झोन म्हणजे एक मोठा हॉल. जाळीचे बोगदे, घसरगुंड्या, प्लास्टिकच्या रंगीत चेंडूंचा हौद, त्याला सगळे बॉल पूल म्हणत. आत जायला एकच फाटक. फाटकाशी चपलांचे रॅक. मुलांनी बूट तिथे ठेवायचे आणि मोजे घालून आत जायचे. भिंतीलगत पालकांसाठी लांब बाक. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, मुलांची जबाबदारी पालकांची. पाटी व्यवस्थापकाने लावली होती आणि ती लावून त्याची जबाबदारी संपली होती.

मुलीचे वडील फाटकाजवळ उभे होते. पुण्याचे, आयटीतले, पस्तिशीचे. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्या छातीवरचे आडनाव वाचून ते थेट मराठीत आले.

"सर, पावणेसहापर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर होती. बॉल पूलमध्ये. मी हात केला, तिने हात केला. एक मेसेज आला म्हणून मी फक्त दोन मिनिटं मोबाइलकडे बघितलं. लिटरली दोन मिनिटं. वर बघतो तर नाही."

मुलीचे बूट रॅकवरच होते. त्यामुळे सगळ्यांचा समज झाला की ती आतच कुठेतरी अडकली आहे. वीस मिनिटे माझी माणसे पोटावर सरपटत बोगद्यांतून फिरली. मुलगी आत नव्हती. मग बूट न घालता ती गेली कशी? कोणीतरी उचलून नेली, हाच अर्थ निघत होता.

बाकावर नऊ पालक होते. एकेकाला बाजूला घेऊन विचारले. पिवळा फ्रॉक घातलेली, दोन शेंड्यांची मुलगी पाहिली का? एकानेही पाहिली नव्हती. एका गृहस्थांना आपला मुलगा आत्ता कोणत्या घसरगुंडीवर आहे हे सांगता आले नाही. एका बाईंनी मला तासाभरात मोबाइलवर पाहिलेल्या घरांच्या जाहिराती मात्र क्रमाने सांगितल्या. मी हे चेष्टेने लिहीत नाही. नऊ मोठी माणसे, शिकलेली, डोळे शाबूत असलेली, आणि त्या हॉलमध्ये एकही साक्षीदार नव्हता.

मग खबर आली. बाकावरच्याच एक बाई मला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की फाटकावर बसणाऱ्या आयाकडे बघा. ती मुलांना गोळ्या देते. कितीदा मना केले तरी देते. आणि मघाशी जिन्यात ती एका रिक्षावाल्याशी बोलत होती, त्याच्या हातात पिशवी होती. एवढे सांगून त्यांनी आयाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मला दाखवला. तो त्यांनी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आधीच टाकला होता.

आया पन्नाशीची होती. कलबुर्गीकडची, विधवा, निळा एप्रन घातलेली. सगळे तिला अक्का म्हणत. ती फाटकाशी रजिस्टर छातीशी धरून उभी होती आणि थरथरत होती. कोणीतरी थरथरताना दिसले की आम्हा पोलिसांना बरे वाटते, ही आमच्या धंद्यातली घाण आहे. वडीलही थरथरत होते. त्यांचे थरथरणे मला दुःख वाटले आणि तिचे थरथरणे मला अपराध वाटला.

मी तिला विचारायला सुरुवात केली. वडिलांना मी 'सर' म्हणत होतो. तिला एकेरीत बोलत होतो. हे मला तेव्हा जाणवलेसुद्धा नाही. नाव काय, राहतेस कुठे, रिक्षावाला कोण, पिशवीत काय होते. ती म्हणाली, तो तिचा भाऊ. रोज संध्याकाळी डबा आणून देतो. गोळ्या पेपरमिंटच्या, रडणाऱ्या मुलाला देते. मग ती घाईघाईने कन्नडमध्ये म्हणाली, "स्वामी, ब्यागु इत्तु, अवरु इरलिल्ल." बॅग होती, ते नव्हते.

मी ते ऐकले. खरे तर कानावर पडले, एवढेच. संशयित माणूस विषय बदलतो आहे असे समजून मी तिला गप्प केले. भाऊ पुढच्या सिग्नलला सापडला. पिशवीत जोळदरोटी आणि पल्ल्याचा, म्हणजे ज्वारीच्या भाकरीचा आणि भाजीचा, रिकामा डबा निघाला. तरीही मी त्याला गाडीजवळ बसवून ठेवला.

सीसीटीव्हीचे पडदे व्यवस्थापकाच्या खोलीत होते. वडिलांनी सांगितलेल्या वेळेप्रमाणे आम्ही पावणेसहापासून पुढचे चित्रण पाहिले. फाटकावर काही नाही. जिन्यात काही नाही. लिफ्टमध्ये काही नाही. पुन्हा पाहिले. पावणेसहा ते सहा या पंधरा मिनिटांत त्या फाटकातून पिवळ्या फ्रॉकमधले कोणतेही मूल बाहेर गेले नव्हते. आम्ही बाहेर जाणारे मूल शोधत होतो, आत येणाऱ्या मोठ्या माणसांकडे आमचे लक्षच नव्हते. मागच्या दाराला कुलूप, आणि त्याची किल्ली अक्काच्या कमरेला. झाले. माझ्या मनातले चित्र पूर्ण झाले.

साडेसहा होऊन गेले होते. व्हिडिओ फिरत गेला तशी खाली माणसे जमू लागली. कोणी म्हणत होते, आमच्या ताब्यात द्या. व्यवस्थापकाने अक्काला एप्रन काढून ठेवायला सांगितले, उद्यापासून येऊ नको म्हणाला. मी एएसआय मॅडमना म्हटले, "हिला गाडीत बसवा. ठाण्यात बोलेल."

मॅडम जागेवरून हलल्या नाहीत. फक्त खिडकीकडे बोट करून म्हणाल्या, "सर, सूर्य मावळला."

सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. चौकशीला म्हणून नुसते नेऊन बसवणे ही पळवाट आम्ही सगळे वापरतो, आणि मॅडमना ती माहीत होती. त्या फक्त तारीख सांगावी तशा सुरात बोलल्या. मला राग आला. पण मी अक्काला तिथेच, चपलांच्या रॅकशेजारी, स्टुलावर बसू दिले. त्या तीन शब्दांनी त्या दिवशी किती लोकांना वाचवले, हे तासाभराने कळायचे होते.

सात वाजता मुलीची आई आली. तिची इलेक्ट्रॉनिक सिटीत रविवारची शिफ्ट होती. उड्डाणमार्गावरून टॅक्सीने येताना तिने नवऱ्याला अकरा फोन केले होते. नागपूरची होती. ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू कुठे होतास?"

"इथेच. बाकावर."

"खरं सांग. मागच्या महिन्यासारखं नको करू."

"अगं, इथेच होतो. पावणेसहाला ती बॉल पूलमध्ये होती. विचार सरांना."

मला विचारण्यासारखे काही नव्हते. मला त्यांनीच सांगितले होते. पण 'बॉल पूल' हे दोन शब्द रॅकशेजारी बसलेल्या अक्काला समजले. ती स्टुलावरून उठली. माझ्याकडे न बघता ती एएसआय मॅडमना म्हणाली की बॉल पूल तर पाच वाजायच्या आधीपासून बंद आहे. एका मुलाला त्यात उलटी झाली. सगळे चेंडू तिनेच बाहेर काढले, तिनेच धुतले. विश्वास नसेल तर मागे जाऊन बघा.

मी मागे गेलो. पाणी निथळायला ठेवलेल्या सोळा-सतरा क्रेट्समध्ये चेंडू भरलेले होते. हात घातला. ओले. हौदाच्या तोंडाशी लाल पट्टी बांधलेली होती. ती पट्टी मी आल्यापासून चार वेळा ओलांडली होती.

एक गोष्ट मी नोकरीत शिकलो आहे. घाबरून खोटे बोलणारा माणूस सहसा गोष्ट बनवत नाही. त्याला तेवढे सुचत नाही. तो एक खरीच गोष्ट उचलतो आणि चुकीच्या वेळेला नेऊन ठेवतो. या माणसाने आपल्या मुलीला बॉल पूलमध्ये खेळताना पाहिले होते, तिने हातही केला होता. पण पावणेसहाला नाही.

मी मॅडमना खूण केली. मुलीचे वर्णन पुन्हा लिहून घ्यायचे आहे असे सांगून त्यांनी आईला दुसऱ्या टोकाला नेले. वडिलांना मी मागच्या खोलीत घेऊन आलो. दार लोटले. एक क्रेट पालथा घालून त्यावर त्यांना बसवले आणि दुसऱ्यावर मी बसलो.

"बसा की जरा," मी म्हटले. "हे चेंडू बघा. कधी धुतलेत ते ठाऊक आहे?"

ते चेंडूंकडे बघत राहिले.

"मी तुमच्यावर केस करायला विचारत नाही. तुम्ही काय केलं, त्याच्याशी मला आत्ता देणंघेणं नाही. मी चुकीच्या तासात तुमच्या मुलीला शोधतो आहे. मला बरोबर तास द्या."

मग ते म्हणाले, "मी खाली होतो. बेसमेंटला, गाडीत."

"कधीपासून?"

"चार पस्तीस. सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, सर. सगळ्यांना कॉलवर यायलाच सांगितलं होतं. इथे मुलांचा एवढा आवाज, मागच्या वेळी त्यावरून टोमणा बसला होता. म्हणून बॅग बाकावर ठेवली, तिला सांगितलं की बाबा आलाच. दहा मिनिटांचं काम होतं." त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले. "पावणेसहाला संपलं. मागच्या महिन्यात पार्कमध्ये असंच झालं होतं, तेव्हा बायको म्हणाली होती की परत झालं तर मुलीला घेऊन नागपूरला जाईन. सर, प्लीज, तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार," मी म्हटले. "तुम्ही सांगाल. पण आधी मुलगी."

त्यांना रविवारी कॉलवर बोलावणाऱ्या साहेबाचे नाव आमच्या फिर्यादीत कुठेच आले नाही. येणारही नव्हते. कायद्यात त्याला कलम नाही. पण त्या खोलीत तोही बसलेला होता असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

आता चित्रण चार पस्तीसपासून लावले. आधी आईला बघू द्यायचे नाही असे मी ठरवले होते, पण ती येऊन मागे उभी राहिली आणि तिला जा म्हणण्याचा मला अधिकार वाटला नाही.

चार पस्तीस. वडील बाकावर बॅग ठेवतात, जातात. चार पंचेचाळीस. बॉल पूलपाशी गडबड, मुलांना बाहेर काढतात, अक्का बादली घेऊन येते. तिच्या जागी फाटकावर व्यवस्थापक उभा राहतो. चार पन्नास. मुलगी बाकाकडे येते. बॅगेजवळ उभी राहते. इकडेतिकडे बघते. बॅगेशेजारी चढून बसते आणि तिचा पट्टा हातात धरते. दोन्ही बाजूंना मोठी माणसे बसलेली आहेत. एकाचीही मान वर होत नाही. घड्याळाचे आकडे पुढे सरकतात. पाच. पाच पाच. पाच दहा. वीस मिनिटे ती मुलगी हलली नाही. मी खुनाची चित्रणे पाहिली आहेत. ही वीस मिनिटे पाहणे जास्त जड गेले.

पाच बाराला एका वाढदिवसाची मुले निघाली. सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या कागदी टोप्या. यजमान बाई पुढे, त्यांची कोणी नातेवाईक मागे. मागच्या बाईंना बाकावर एक पिवळ्या फ्रॉकमधली, टोपी नसलेली मुलगी दिसली. त्यांनी हातातली जास्तीची टोपी तिच्या डोक्यावर चढवली, हात धरला आणि रांगेत उभी केली. मुलगी एकदा मागे वळून बॅगेकडे बघते. मग रांग चालू लागते. फाटकावर अक्का परत आलेली आहे. ती बोट दाखवून एकेक डोके मोजते, रजिस्टर बघते, फाटक उघडते.

आई पडद्याला हात लावून म्हणाली, "ही. हीच."

अक्काला आत बोलावले. रजिस्टर उघडले. वाढदिवसाचा गट, आत अठरा, बाहेर अठरा. तिने बरोबर मोजले होते. ज्या मुलाला बॉल पूलमध्ये उलटी झाली तो त्याच वाढदिवसाचा. अक्का चेंडू काढत असताना त्याचे आजोबा येऊन त्याला घरी घेऊन गेले, आणि फाटकावर उभ्या व्यवस्थापकाने ते रजिस्टरात लिहिले नाही. एक गेला, एक आली, अठराचे अठरा राहिले. यजमान बाईंनीही मोजले असणार आणि त्यांचाही हिशोब जुळला असणार. बूट रॅकवर राहिले, कारण पार्टीतल्या मुलांचे बूट एकाच मोठ्या पिशवीत भरून नेले होते, गाडीत बसल्यावर घालायला. व्यवस्थापकाचा व्हिडिओ मात्र कोणी काढला नव्हता.

बुकिंगच्या अर्जावर यजमानांचा नंबर आणि रिंग रोडजवळच्या एका मोठ्या सोसायटीचे नाव होते. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. कंट्रोलला कळवून त्या भागातली गस्तीची गाडी तिकडे पाठवली आणि आम्हीही निघालो. आईवडील मागे बसले, मध्ये एएसआय मॅडम.

चार किलोमीटर. रविवारची संध्याकाळ आणि रिंग रोड. सायरन लावूनही गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. मुलगी त्या बाईंबरोबर निघाली हे कळले होते, पण पोचली का, हे कळले नव्हते. सिग्नलला उतरली असेल. कोणाला तरी आपली नाही हे कळून तिथेच सोडली असेल. चार वर्षांचे मूल अनोळखी गाडीतून काय काय करू शकते, याची यादी माझ्या डोक्यात तयार होत होती आणि ती मला थांबवता येत नव्हती.

तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला. "मी तिथे नव्हतो. चार पस्तीसपासून गाडीत होतो. सव्वा तास. मी सगळ्यांशी खोटं बोललो."

आई खिडकीबाहेर बघत होती. "व्हिडिओत दिसलं मला," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण बरं झालं तू बोललास."

आठला पाच मिनिटे कमी असताना वायरलेस खरखरला. गस्तीच्या गाडीवरचा तरुण शिपाई नियमाप्रमाणे आपला क्रमांक, ठिकाण, वेळ सांगायचे विसरला. नुसता म्हणाला, "सर, मगु इल्ले इदे." मूल इथेच आहे.

ड्रायव्हरने न सांगता सायरन बंद केला. एएसआय मॅडमनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने मॅडमच्या पलीकडे हात घालून नवऱ्याच्या बाहीला घट्ट पकडले आणि तिच्या तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला, तो अजून माझ्या कानात आहे. माझ्या लक्षात आले की मी गेले दोन तास दातावर दात दाबून बसलो होतो. जबडा दुखत होता.

क्लब हाऊसमध्ये गाणी लागली होती. मुलगी सतरा मुलांच्या पंगतीत बसून केक खात होती. टोपी तिरपी झालेली, पायांत नुसते मोजे. यजमान बाईंच्या हातातला चमचा पोलीस बघून खाली पडला. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या की त्यांनी तीनदा मोजले, तिन्ही वेळा अठरा भरले. मुले सोडून पालक निघून जातात, त्यांतली निम्मी मुले त्यांनी आधी पाहिलेलीही नसतात. मुलीने बाबा कुठे आहे असे दोनदा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की साडेआठला सगळ्यांचे बाबा येणार आहेत. आणि मुलीला ते पटले. घरी ती हेच ऐकत आली होती.

वडील तिच्यासमोर जमिनीवर बसले. मुलीने त्यांना न्याहाळले आणि विचारले, "कॉल संपला?"

"संपला."

"मग केक खा," ती म्हणाली आणि आपली ताटली पुढे केली.

मी बाहेर येऊन उभा राहिलो. तीस वर्षांत फार कमी वेळा इतके हलके वाटले असेल.

कायद्याच्या दृष्टीने काम संपत आले होते. मुलीचा ताबा आईला, जबाब, वैद्यकीय तपासणी, गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून न्यायालयाला अंतिम अहवाल. पण गाडीत बसताना आईच म्हणाली, "सर, आधी त्या अक्कांकडे जाऊ. त्या अजून तिथेच असतील ना?"

होत्या. एप्रनची घडी मांडीवर घेऊन त्याच स्टुलावर, शेजारी भाऊ. त्याला सोडायला सांगायचे मी विसरलो होतो, हेही लिहून ठेवतो. आई तिच्या मोडक्या कन्नडमध्ये "क्षमिसि अक्का" म्हणाली आणि वाकली. वडिलांनी हात जोडले. ती व्हिडिओवाली बाई पण होती, ती म्हणाली, जाऊ द्या ना आता, मूल मिळालं, शेवट गोड झाला.

अक्काने त्या बाईंकडे पाठ केली. ती मला म्हणाली, आणि या वेळी मी ऐकले. "माझं तोंड हजार लोकांनी बघितलं, स्वामी. ही माफी किती जणांनी बघितली? पाच."

तिचे म्हणणे बिनतोड होते. मी त्या बाईंना सांगितले की व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर गेला त्या त्या ग्रुपवर आत्ता, माझ्यासमोर, खरी हकीगत जाईल. त्या कुरकुरल्या. वडील पुढे झाले. त्यांनी त्याच बाईंच्या मोबाइलसमोर उभे राहून सांगितले की मुलगी माझी, बाकावरून उठून गेलो मी, खोटे बोललो मी, आणि या अक्कांनी सांगितले म्हणून मुलगी सापडली. ते कन्नडमध्ये सांगायला एएसआय मॅडमनी मदत केली. मी दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या शिक्क्यानिशी पत्र लिहून दिले की या महिलेवर कोणताही संशय नव्हता आणि नाही. 'नव्हता' हा शब्द खोटा होता. तो लिहिताना मला लाज वाटली. पत्र व्यवस्थापकाच्या हातात देताना मी त्याला रजिस्टरातली न लिहिलेली नोंद दाखवली. अक्काचा एप्रन तिला परत मिळाला.

या प्रकरणावरून लोक मला विचारतात, तुम्ही त्या बापावर हलगर्जीपणाचा गुन्हा का लावला नाही? लावता आला असता. पण त्याच्यासारख्या हजारो आईबापांना त्यातून एकच धडा मिळाला असता, की पोलिसांना खरे सांगायचे नाही. तिकीट काढले, फाटक आहे, कॅमेरे आहेत, आया आहे, शेजारी नऊ पालक बसलेत, म्हणजे कोणीतरी बघतच असेल, हा भरवसा आपण सगळे बाळगतो. हे कोणीतरी नावाचे माणूस त्या दिवशी त्या हॉलमध्ये नव्हते. एक बाई होती, जिचे लक्ष होते. तिला आम्ही संशयित केले, कारण तिचे कपडे स्वस्त होते. हे मी पोलीस म्हणून कबूल करतो, आणि बाकावर बसणाऱ्यांनी आपापले कबूल करावे.

माझ्या कामात त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. दारावर उभे राहणाऱ्या माणसाला मी सगळ्यांत आधी विचारू लागलो, आणि अहो-जाहो करून. दुसरे म्हणजे, मूल कधी हरवले हा प्रश्न मी सोडून दिला. पालकाला एकट्याला घेऊन विचारायचे, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी शेवटचे कधी पाहिले? आणि विचारण्याआधी सांगायचे, इथे तुम्हाला कोणी रागावणार नाही.

निवृत्तीच्या महिनाभर आधी आमच्या हद्दीतल्या एका बागेतून पाच वर्षांचा नातू हरवल्याची तक्रार घेऊन एक आजोबा आले. शर्टाच्या गुंड्या वरखाली लावलेल्या, ओठ कोरडे. मुलगा आणि सून दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर तुटून पडत होते. मी दोघांना बाहेर बसवले, आजोबांना पाणी दिले आणि माझा प्रश्न विचारला. त्यांनी दाराकडे बघितले, मग माझ्याकडे.

"साहेब," ते म्हणाले, "चारला पाहिला. पाच वाजेपर्यंत मला डुलकी लागली होती. सुनेला सांगितलं नाही."

चार ते पाच या तासात त्या बागेतून एकच मोठा घोळका बाहेर पडल्याचे बागेच्या रखवालदाराने फोनवर सांगितले. शेजारच्या गल्लीतल्या चित्रकलेच्या वर्गाची मुले. पंधराव्या मिनिटाला आमच्या शिपायाने त्या वर्गातून नातवाला आणले. बोटांना हिरवा रंग, हातात हत्तीचे चित्र. आजोबा उठायला लागले. मी त्यांना बसायला सांगितले आणि मुलाला त्यांच्याकडे पाठवले. बाहेर सून विचारत होती की इतक्या लवकर कसा सापडला. मी सांगितले, तुमच्या सासऱ्यांनी सापडवून दिला.